रिमोट बंद केल्यावर

खारघरमधल्या एका सोसायटीच्या पोडियमवर रविवारी संध्याकाळी प्लायवूडचा एक रणगाडा उभा होता. माप १/६, म्हणजे तोफेसकट दीड मीटरच्या आतबाहेर लांब. रंग अजून चढायचा होता, टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या डोक्यावर, पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या. भोवती पोरांचं कडं, बाकावर दोन आजोबा, आणि मागे भिंतीलगत सायकलींची रांग. चालवणाऱ्या गृहस्थांनी दोन चकरा मारून दाखवल्या, टाळ्या पडल्या, आणि सेल उगाच कशाला जाळायचे म्हणून त्यांनी रिमोट बंद करून खिशात टाकला. सेकंदभर काहीच झालं नाही. मग रणगाडा मागे सुटला. पूर्ण वेगाने, नाकासमोर, थेट सायकलींत. एक सायकल आडवी झाली, तिच्यावर दुसरी, तिसरी. दोघांनी मिळून रणगाडा एका कुशीवर कलता केला तरी वरच्या बाजूचा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, फिरतच राहिला, आणि शेवटी कोणीतरी बॅटरीची वायर उपटली तेव्हा कुठे आवाज थांबला. लागलं कोणालाच नाही. "काही नाही हो काका, सिग्नल गेला," ते गृहस्थ आजोबांकडे बघून म्हणाले, आणि सगळे हसले.

सिग्नल गेला नव्हता. घालवला होता.

खटकणारी गोष्ट ती हसण्यावारी नेलेली सबब. पाऊस आला म्हणून सामना थांबला असं सांगावं, तशा सुरात ते वाक्य आलं. पण रेडिओवर चालणाऱ्या यंत्राच्या आयुष्यात सिग्नल जाणं ही नेहमीचीच गोष्ट. रिमोटचे सेल उतरतात, अँटेना मोटरच्या मागे दबते, रणगाड्यात बसून रिमोटचे हुकूम घेणाऱ्या रिसीव्हरचा प्लग हादऱ्याने अर्धा निघतो, कोणी चुकून बटण दाबतं. हुकूम मिळत असताना रणगाडा नीट चालतो, हे तर कोणीही करून दाखवेल. हुकूम यायचा थांबला की तो काय करतो, यावरून बांधणाऱ्याची पारख होते. रणगाडे लढवणाऱ्या छंदी लोकांचे जे नियम जगभर थोड्याफार फरकाने सारखे दिसतात, ते बहुतेक या एका प्रश्नाभोवतीच फिरतात. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ते तोफेचे नियम वाटतात.

लोकांना भीती वाटते ती तोफेचीच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी आधी विचारणार, "यातून गोळी सुटते का?" प्रश्न रास्त आहे, पण हिशेब मांडून बघावा. १/१६ मापाच्या तयार रणगाड्यातून ६ मिमीची प्लॅस्टिकची गोळी सुटते. वजन ०.१२ ग्रॅम, वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर ऊर्जा ०.१५ ज्यूल. मोठ्या रणगाड्यावर पेंटबॉलची बंदूक बसवतात. तिची गोळी साधारण ३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९० मीटर, म्हणजे १२ ज्यूल. आता खुद्द रणगाडा घ्या. प्लायवूड, दोन मोटरी, दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, लोखंडी अँगल असं सगळं मिळून ४० किलो सहज भरतात. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने तो येत असेल तर ऊर्जा ३९ ज्यूल. शिवाय गोळी लागली की तिचं काम संपतं. रणगाडा आदळल्यावरही मोटरी ढकलतच राहतात. रणगाडा आणि पार्किंगचा खांब यांच्या मध्ये घोटा सापडला, तर ऊर्जेचा आकडा मागे पडतो, उरतो तो निव्वळ रेटा.

वजनाचा अंदाज माणसाला हमखास चकवतो, कारण माप लांबीचं सांगितलं जातं आणि वजन घनाने वाढतं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खऱ्या धुडांच्या शेजारी उभं राहून आलेल्या पोरालाही हे गणित सांगावं लागतं. जर्मन टायगर खरा ५७ टनांचा. १/१६ मापात वजन १६ च्या घनाने, म्हणजे ४०९६ ने भागायचं. उत्तर येतं १४ किलोच्या आसपास. १/६ मापात भागायचं फक्त २१६ ने, आणि उत्तर येतं २६० किलोंच्या वर. लाकडाचा पोकळ रणगाडा तेवढा कधीच भरत नाही हे खरं, पण मापाचा आकडा १६ वरून ६ वर आला की वस्तू खेळण्यातून यंत्रात जाते. १९७४ साली तामियाने आपलं पहिलं रेडिओवर चालणारं मॉडेल काढलं, तो १/१६ मापाचा शर्मन रणगाडाच होता. हे माप टिकलं त्यामागे सोय आहे: उचलता येतं, टेबलावर मावतं, आणि पायावर आलं तर माणूस ओरडून मोकळा होतो.

वेगाची मर्यादा त्यामुळे पहिली ठरवावी, आणि ती रिमोटवरची कळ फिरवून ठरवू नये. रिमोटमधली सेटिंग कोणीही बदलतं. वेग गिअरमध्ये बांधावा. आपल्याकडे १/६ बांधणारे बहुतेक जण ई-बाइकची २४ व्होल्ट, २५० वॉटची एमवाय१०१६ मोटर घेतात, कारण ती मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळते आणि तिला साखळीचं दातेरी चाक आधीच बसवलेलं असतं. ती मिनिटाला २६५० फेरे घेते. ट्रॅक ओढणारं चाक १४ सेंमी व्यासाचं असेल तर ताशी ५ किलोमीटरसाठी त्या चाकाचे मिनिटाला १९० फेरे पुरतात. म्हणजे गती १४ पट उतरवायची. एका टप्प्यात ते होत नाही, दोन टप्पे लागतात, मधला शाफ्ट आणि त्याचे बेअरिंग येतात, खर्च वाढतो. मग कोणीतरी म्हणतं, "सहा पटच ठेवू, स्टिक अर्धीच दाबायची." अशा रणगाड्याला ताशी ११-१२ किलोमीटर पळायची ताकद राहते, आणि बिघाड झाला की स्टिक कोण अर्धी दाबणार?

डोळ्याचा मुद्दा मात्र वेगळा काढायला हवा. डोळ्यापुढे ज्यूलचा वरचा हिशेब चालत नाही, ०.१५ ज्यूलची क्षुल्लक गोळीही बुबुळाला कायमची इजा करू शकते. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण असं समजणारे पुष्कळ. त्याची काच या कामाची नसते, आणि बाजूने तो उघडाच असतो. सुरक्षा गॉगलवर युरोपीय मानकाचा ईएन १६६ हा शिक्का बघावा, आणि त्यापुढचं अक्षरही. एफ असेल तर तो ६ मिमीच्या पोलादी गोळीचा सेकंदाला ४५ मीटर वेगाचा मारा सोसतो, बी असेल तर १२० मीटरचा. चाचणीची गोळी ६ मिमीची, खेळातली गोळीही ६ मिमीची; एवढा सोयीचा योगायोग क्वचित मिळतो. पेंटबॉल असेल तर गॉगलही पुरत नाही, कान आणि तोंड झाकणारा पूर्ण मास्कच लागतो. आणि हे सगळं चालवणाऱ्यापेक्षा बघ्यांना जास्त लागू आहे. चालवणारा रणगाड्याच्या मागे असतो. पोरं नेहमी पुढे.

तोफ किती वर उचलता यावी यालाही साधा भूमितीचा आधार आहे. १/६ टायगरची नळी जमिनीपासून सुमारे ३६ सेंमीवर येते. ती १० अंश वर उचलली तर ५ मीटरवर गोळी १ मीटर २४ सेंमी उंचीवरून जाईल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे जवळपास तिथेच असतात. ५ अंशांवर ती त्याच अंतरावर ८० सेंमीवरून जाते. म्हणून कोन थोडकाच ठेवावा आणि तो सर्वोच्या, म्हणजे नळी वर-खाली करणाऱ्या छोट्या मोटरच्या, सेटिंगमध्ये न अडवता नळीखाली खरा बोल्ट बसवून अडवावा. सर्वो जळला, त्याचा दाता तुटला किंवा त्याने वेडीवाकडी उसळी घेतली, तरी लोखंडाला लोखंड अडतं. लढाईबाहेरच्या प्रत्येक क्षणी नळीच्या तोंडाला बूच किंवा पिशवी हवी, आणि ती लाल किंवा भगव्या रंगाची हवी. दहा मीटरवरून दिसली नाही तर तिचा उपयोग नाही.

पेंटबॉलची बंदूक म्हणजे गॅस आला, आणि ठाण्याच्या हवेत गॅसचा स्वभाव बदलतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत द्रव आणि वायू एकत्र नांदतात. २५ अंशांना दाब असतो ६४ बार. ३१ अंश हा त्याचा क्रांतिक बिंदू; त्याच्या वर द्रव असा राहतच नाही, आणि दाब किती चढेल हे बाटली किती भरली आहे यावर ठरतं. मे महिन्यात घोडबंदर रोडवर उन्हात लावलेल्या गाडीची डिकी याच्या किती पुढे जाते ते सांगायला नको. म्हणून बाटली कधीही मीटरवरचा दाब बघून भरत नाहीत, वजनकाट्यावर भरतात: आधी रिकामी तोलायची, मग तिच्यावर कोरलेल्या वजनाइतकाच गॅस. जास्त भरली गेली तर सुरक्षा चकती फुटते, आणि ती फुटली तर ती तिचं काम करते आहे म्हणून खूशच व्हावं. बाटली स्क्रूने घट्ट बसवली असली तरी तिला पट्टाही बांधलेला हवा, नाहीतर गॅस जोरात सुटला की तिचं रॉकेट होऊ शकतं. प्रामाणिक मत विचारलं तर, सोसायटीच्या आवारात या भानगडीत पडूच नये.

आता त्या सायकलींकडे.

पूर्वी हे खेळ २७ मेगाहर्ट्झवर चालायचे. चॅनल मोजके, आणि दोन जणांकडे एकच क्रिस्टल, म्हणजे फ्रीक्वेन्सी ठरवणारा तुकडा, निघाला तर एकाचा रिमोट दुसऱ्याचं यंत्र पळवायचा. त्यावर क्लबांनी काढलेला उपाय होता कपड्यांचा चिमटा. मैदानावर एक फळी, तिच्यावर प्रत्येक फ्रीक्वेन्सीचा एकच चिमटा, प्रत्येकाला रंग: २६.९९५ ला तपकिरी, २७.०४५ ला लाल, २७.०९५ ला नारिंगी, २७.१४५ ला पिवळा. चिमटा तुमच्या अँटेनाला लागला असेल तरच रिमोट चालू करायचा. चिमटा नाही, तर नाही. २.४ गिगाहर्ट्झचे संच आले, रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखायला लागले, चिमटे गेले. त्यांच्याबरोबर एक शिस्तही गेली. "आता कोणाचा कोणाला त्रास नाही" हे इतकं पटलं, की सिग्नल जाऊच शकत नाही असं लोकांच्या मनात बसलं. पोडियमवर पन्नास घरांचे वायफाय राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं काम करणारं टोक जेमतेम ३१ मिमीचं असतं. ते टोक लोखंडी टरेटच्या आत गुंडाळून ठेवलं की घराच्या पलीकडे वळतानाच हुकूम तुटतो.

सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर तीनपैकी एक गोष्ट करतो. शेवटचा हुकूम धरून ठेवतो, किंवा पल्स, म्हणजे हुकूम सांगणारी विजेची ठराविक लांबीची स्पंदनं, देणंच बंद करतो, किंवा आधी ठरवून दिलेला हुकूम देतो. तिसऱ्याला फेलसेफ म्हणतात, आणि तो आपणहून लागत नाही, लावावा लागतो. इथे बहुतेकांकडे दिसणाऱ्या फ्लायस्कायच्या एफएस-आय६ या रिमोटमध्ये तो सिस्टम सेटअपमधल्या आरएक्स सेटअपच्या आत दडलेला आहे. चालण्याचे दोन्ही चॅनल मध्यावर आणि तोफेचा चॅनल बंदवर ठेवून तो साठवायचा. दोन मिनिटांचं काम. पण रणगाड्यात रिसीव्हर आणि मोटर यांच्या मध्ये आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड, बसवला असेल तर एवढ्यावर भागत नाही, आणि खारघरचा रणगाडा मागेच का पळाला, पुढे का नाही, याचं उत्तर तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

आर्डुइनोवर रिसीव्हरची पल्स मोजायला नवशिके पल्सइन हे फंक्शन वापरतात. पल्स आली नाही तर ते वाट बघतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर पूर्ण एक सेकंद बघतं. तेवढा वेळ मोटरींना आधीचाच हुकूम लागू. दोन चॅनल वाचायचे असतील तर दोन सेकंद. चालता रणगाडा तेवढ्यात अडीच-तीन मीटर पुढे. वाट बघून झाली की ते उत्तर देतं शून्य. पुढची ओळ असते मॅप: १००० ते २००० या पल्सचं उणे २५५ ते अधिक २५५ या वेगात रूपांतर कर. मॅपला कुंपण माहीत नाही. शून्य दिलं की ते सरळ गणित करून उणे ७६५ काढतं. उणे म्हणजे उलट दिशा, आणि ७६५ हा आकडा आठ बिटांच्या खोक्यात कोंबला की उरतात २५३, म्हणजे जवळपास पूर्ण जोर. थोडक्यात, रिमोट बंद, सेकंदभर शांतता, मग पूर्ण वेगाने मागे. कोडमध्ये एकही ओळ 'चुकीची' नाही, कंपायलर तक्रार करत नाही, आणि रिमोट चालू असेपर्यंत रणगाडा शहाण्यासारखा वागतो.

दुरुस्ती थोडक्यात होते. पल्सइनला मुदत द्यावी २५,००० मायक्रोसेकंदांची, कारण पल्स दर २० मिलिसेकंदांनी यायलाच हवी. आलेला आकडा ९०० ते २१०० च्या बाहेर असेल तर तो वेग म्हणून वापरूच नये, मोटर थांबवावी. वॉचडॉग चालू करावा, म्हणजे प्रोसेसर कुठे अडकला तर स्वतःच नव्याने सुरू होईल. आणि नव्याने सुरू होतानाच्या त्या क्षणात त्याच्या पिना लोंबकळत असतात, म्हणून मोटर ड्रायव्हरच्या, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटच्या, एनेबल (चालू करणाऱ्या) पिनेवर १० किलोओमचा रेझिस्टर जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला, जोडावा. नगण्य किमतीचा तुकडा. तो नसतो म्हणून कित्येक यंत्रं बॅटरी जोडताक्षणी झटका मारतात, आणि मालक कौतुकाने म्हणतो, "बघा, जिवंत झालं!"

यापुढचा बिघाड कोडच्या हातात नाही. मोटर ड्रायव्हरमधला मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जळतो तेव्हा तो बऱ्याचदा तुटत नाही, जुळतो. आतल्या आत शॉर्ट होऊन कायमचा चालू राहतो. मग रिसीव्हर थांब म्हणो, आर्डुइनो थांब म्हणो, मोटरला थेट बॅटरी मिळत राहते. बीटीएस७९६० चं ड्रायव्हर मोड्यूल सगळीकडे ४३ अँपिअरचं म्हणून विकलं जातं. त्याच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या तुकड्याकडे बघितलं की कळतं, सलग दहा-पंधरा अँपिअरच्या वर त्याच्याकडून अपेक्षा करू नये. उभ्या जागी वळताना रणगाड्याचे ट्रॅक जमिनीवर आडवे घासतात आणि मोटर सर्वांत जास्त प्रवाह त्याच वेळी ओढते. मॉसफेट जळतात ते वळणावर, शर्यतीत नाही. म्हणून ड्रायव्हरच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, आणखी एक अडसर हवा: गाडीचा ४० अँपिअरचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, जो रिमोटच्या वेगळ्या चॅनलवर चालतो आणि सिग्नल जाताच पडतो. त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायचा. रिले पडल्यावर मॉसफेट जुळलेला असो की नसो, मोटरला काही मिळत नाही.

आणि त्याच्याही अलीकडे चावी. चावी म्हणजे एक्सटी६० किंवा एक्सटी९० चा जोडीतला एक प्लग, ज्याच्या दोन टोकांना जाड वायरचा फास सोल्डर केलेला असतो. तो रणगाड्याच्या पाठीवर बाहेरून खुपसला की सर्किट पुरं होतं, उपटला की तुटतं. जागा अशी निवडायची की हात ट्रॅकवरून किंवा तोफेसमोरून न्यावा लागणार नाही. त्याला हातभर लाल रिबन बांधायची. घरातलं १६ अँपिअरचं बटण इथे लावणारे लोक भेटतात, ते करू नये. ते बटण एसीसाठी आहे. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी रेंगाळते, संपर्क चिकटतात, आणि बटण 'बंद' दाखवत असताना मोटर चालू राहते.

फ्यूज कशासाठी, हा प्रश्न विचारला तर दहातले नऊ जण सांगतात, "मोटर जळू नये म्हणून." फ्यूज वायरसाठी असतो. यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची साधी बॅटरी शॉर्ट झाली तर काही क्षण शेकडो अँपिअर ओतते. दोन टोकांवर पाना पडला तर तो तिथे वेल्ड होतो. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरचं रक्षण कोणीच करत नाही. गाडीचे ब्लेड फ्यूज स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि रंगावरून ओळखतात: लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. हिरवा लावला तर वायर चार स्क्वेअरची (चौरस मिमीची) हवी. अडीच स्क्वेअर चालेल असं दुकानदार म्हणेल. फ्यूज ३० ला लगेच उडतो या समजुतीवर तो ते म्हणतो. फ्यूजला १३५ टक्के प्रवाह दिला, म्हणजे ४० अँपिअर, तर तो दहा मिनिटंसुद्धा तग धरू शकतो. तेवढ्यात बंद डब्यातल्या पातळ वायरचं इन्सुलेशन मऊ होऊन चिकटायला लागतं. वास आधी येतो, धूर नंतर. लढाईच्या गोंगाटात वास कोणाला येत नाही.

उचकीचा बिघाडही याच घराण्यातला. रणगाडा निघतो, दोन इंच जातो, थांबतो, पुन्हा निघतो. लोक रिमोटला दोष देतात. खरं कारण बॅटरीत आहे: मोटर सुटताना व्होल्टेज बसतं, रिसीव्हरचे ५ व्होल्ट ४ च्या खाली जातात, तो बंद पडतो, मोटर थांबते, व्होल्टेज सावरतं, रिसीव्हर उठतो, मोटर पुन्हा सुटते. टरेट फिरवणारा एमजी९९६आर सर्वो अडकला की एकटा अडीच अँपिअर खातो, आणि त्यालाही तोच १ अँपिअरचा रेग्युलेटर पोसत असतो. रिसीव्हरला चार एनआयएमएच (रिचार्ज होणाऱ्या) सेलचा वेगळा पॅक दिला की उचकी जाते. शंभर ग्रॅम वजन वाढतं, रणगाड्याला ते कळतही नाही. विमानवाल्यांकडून आलेली काटकसर इथे कामाची नाही.

बोटांबद्दल काय लिहायचं? ट्रॅक आणि दातेरी चाक जिथे भेटतात तिथे बोट गेलं की गेलं. कापलं जात नाही बहुधा, चिरडलं जातं. आणि ते जातं लढाईत नाही, लढाईनंतर, ट्रॅकमध्ये अडकलेला खडा किंवा पालापाचोळा काढताना, "जरा पुढे घे रे" असं म्हणत म्हणत. चावी ज्याच्या गळ्यात, त्याचाच हात ट्रॅकमध्ये. दुसऱ्याने चावी धरायची नाही, 'मी आहे ना' म्हणायचं नाही. फॅक्टरीत मशीन उघडताना मेंटेनन्सवाला मेनला स्वतःचं कुलूप लावतो, तुर्भे-रबाळ्याच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. घरी आल्यावर मात्र तेच लोक विसरतात. बाजूला स्कर्ट, म्हणजे ट्रॅकचा वरचा अर्धा भाग झाकणारी पट्टी, बऱ्याच खऱ्या रणगाड्यांना असतेच. ती बसवावी. रूपही खुलतं.

शोभेची अँटेना हा असाच एक दुर्लक्षित सुळा. स्टीलची ताठ तार टरेटवर उभी करतात, आणि वाकून बघणाऱ्या पोराच्या डोळ्याशी ती नेमकी येते. नायलॉनचा ब्रशचा केस लावावा, टोकाला मणी. ॲक्रिलिकच्या चिलखती पट्ट्या देखण्या दिसतात, पण आदळल्यावर त्यांचे धारदार तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. वागळे इस्टेटमध्ये लेझरवर ॲक्रिलिक कापून देणारे खूप आहेत, म्हणून ते वापरलं जातं, एवढंच. एमडीएफ एका पावसाळ्यात फुगतो, त्यातले स्क्रू सैल होतात, आणि सैल स्क्रू म्हणजे सैल बॅटरी. १२ मिमीचं मरीन प्लाय महाग पडतं, पण बॅटरी धरून ठेवतं. बॅटरीला कप्पा आणि पट्टा दोन्ही हवेत. चाचणी सोपी: रणगाडा पूर्ण उलटा करा. काही हललं तर पुन्हा बांधा.

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांतून पोरं मातीचा किल्ला करतात आणि मावळ्यांच्या मधून एखादा १/१६ रणगाडा फिरताना हल्ली दिसतो. इतिहासाचं काय व्हायचं ते होवो. सोसायटीत लढवायला हेच माप आणि इन्फ्रारेडची तोफ हीच जोडी योग्य. तोफेच्या नळीत ९४० नॅनोमीटरचा एलईडी, टरेटवर चारी बाजूंनी बघणारा रिसीव्हर, ३८ किलोहर्ट्झची स्पंदनं. गोळी नाही, गॅस नाही, गॉगल नाही. तामियाच्या पद्धतीत जड रणगाडा ९ मार सोसतो, हलका ३, आणि त्या बदल्यात हलक्याची तोफ लवकर भरते. हा तोल इतका नेमका आहे की छोटा रणगाडा चालवणारा हुशार पोरगा टायगरवाल्या बापाला रडवतो.

पण याच्याही खोडी आहेत, आणि त्या इथल्या इमारतींच्या आहेत. भर उन्हात टीएसओपी१७३८ सारखा सेन्सर आंधळा होतो, म्हणून खेळ स्टिल्ट पार्किंगमध्ये नेतात. तिथे पांढऱ्या तैलरंगाचे खांब असतात. किरण खांबावर आपटून परततो आणि कोपऱ्याआड लपलेला रणगाडा मरतो. मग भांडणं: "मला लागलंच नाही!" एलईडीच्या पुढे चार-पाच सेंमीची पितळी नळी, आतून काळी रंगवलेली, बसवली की झोत अरुंद होतो; तरी भागलं नाही तर एलईडीचा रेझिस्टर वाढवून जोर कमी करायचा. दुसरी खोडी जुन्या ट्यूबलाइटची. इलेक्ट्रॉनिक चोक ३०-४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतो, सेन्सरला तो शत्रूचा मारा वाटतो, आणि दिव्याखाली उभा केलेला रणगाडा कोणी न मारता नऊ ठोके खाऊन गप्प बसतो. खेळ लावण्याआधी एक रणगाडा पार्किंगभर फिरवून कुठे फुकटचे ठोके पडतात ते बघावं, आणि त्या दोन ट्यूब तासाभरासाठी बंद करण्याची परवानगी सेक्रेटरींकडून घ्यावी. वॉचमनला आधी सांगावं. नाहीतर तो बरोबर लढाईच्या मध्ये त्या लावतो.

चालू-बंद करण्याचा क्रम जुनाच आहे आणि तोच बरोबर आहे. आधी रिमोट, मग चावी. संपल्यावर आधी चावी, मग रिमोट. तरीही दर वेळी खेळाआधी उलटा क्रम मुद्दाम करून बघायचा असतो. रणगाडा विटांवर ठेवायचा, ट्रॅक अधांतरी, तोफ रिकामी. चावी लावायची, स्टिक अर्धी पुढे धरायची आणि तशीच धरून रिमोट बंद करायचा. एका सेकंदाच्या आत दोन्ही ट्रॅक थांबले पाहिजेत आणि थांबलेलेच राहिले पाहिजेत. मग टरेट फिरवता फिरवता तेच, मग तोफेचं बटण दाबून ठेवून तेच. रिमोट पुन्हा चालू करताना स्टिक मध्यावर नसेल तर रणगाडा हलता कामा नये. कोड बदलला, रिसीव्हर बदलला, नुसता एखादा प्लग काढून लावला, तरी हे सगळं पुन्हा. दुसऱ्याने करायचं, बांधणाऱ्याने नाही. बांधणारा नकळत स्टिक हळूच सोडतो.

खेळ झाल्यावर लिथियम पॅक गरम असताना चार्जरला लावायचा नाही. हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, मग ५ अँपिअर-अवरच्या पॅकला ५ अँपिअरच्या वर नाही, बॅलन्सची पांढरी पिन जोडूनच, आणि माणूस खोलीत असतानाच. फुगलेला पॅक 'एवढं एकदा' म्हणून वापरायचा नाही. लेड-ॲसिड बॅटरी रणगाड्याच्या पोटात, झाकण लावून चार्ज करायची नाही, कारण जास्त चार्ज झाली की ती हायड्रोजन सोडते. जून लागायच्या आधी लिथियमचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून पॅक मातीच्या कुंडीत, गॅलरीच्या पावसाचं पाणी न येणाऱ्या कोपऱ्यात ठेवायचे. शेजारी वाळूची बादली. वाळूने ती आग विझत नाही, पण जागेवर राहते, आणि तिच्या विषारी धुरापासून घरच्यांना लांब न्यायला तेवढी सवड पुरते.